लाल डोळा, ताठ कंबर: युव्हायटिस आणि ऑटोइम्यून आजारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मी डोळ्यांची डॉक्टर म्हणून काम करते. युव्हायटिसचा पेशंट समोर बसला की आधी डोळा तपासते आणि मग कंबर, गुडघे, तोंडातले फोड, अंगावरचे चट्टे असं विचारत जाते. बरोबर आलेली माणसं एकमेकांकडे बघतात. "मॅडम, डोळा दाखवायला आलोय, कंबरेचं काय विचारताय?" ओपीडीत बाहेर रांग असते, उत्तर घाईत होतं. इथं सवडीनं लिहिते आहे. ऑटोइम्यून आजार म्हणजे ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते आजार.

युव्हायटिस म्हणजे नेमकं काय?

डोळ्याच्या गोळ्याला तीन थर असतात. बाहेरचा थर म्हणजे पांढरं कवच आणि त्याच्या पुढच्या बाजूची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया. सगळ्यात आतला थर चित्र टिपणारा पडदा, म्हणजे रेटिना. या दोघांच्या मध्ये रक्तवाहिन्यांनी भरलेला एक गडद थर असतो, त्याचं नाव युव्हिया. लॅटिन भाषेत 'उव्हा' म्हणजे द्राक्ष. बाहेरचं पांढरं कवच काढलं तर आतला गोळा तासगावच्या काळ्या द्राक्षासारखा दिसतो, म्हणून हे नाव पडलं. या थराला सूज आली की तो युव्हायटिस.

सूज पुढच्या भागात, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला असेल तर दुखतं आणि डोळा लाल होतो. हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. सूज मध्ये किंवा मागे असेल तर डोळा वरून साफ दिसू शकतो, पण नजरेसमोर काळे ठिपके, जाळी तरंगते किंवा दिसणं कमी होतं. माझ्या मते मागचा प्रकार जास्त धोक्याचा, कारण दुखत नाही म्हणून माणूस येतच नाही.

स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रातून आम्ही ही सूज प्रत्यक्ष बघतो. कौलातून घरात कवडसा पडतो आणि त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात, अगदी तसंच. प्रकाशाची बारीक पट्टी डोळ्यात टाकली की एरवी स्वच्छ असणाऱ्या पाण्यात पांढऱ्या पेशी तरंगताना दिसतात. कवडशात धूळ किती, यावरून आजाराचा जोर ठरतो आणि औषधानं ती कमी होतेय का, हे पुढच्या भेटीला मोजता येतं.

डोळे आलेत की युव्हायटिस आहे, घरी कसं ओळखायचं?

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ होती, तेव्हापासून लाल डोळा म्हणजे 'डोळे आले' हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. डोळे येतात तेव्हा चिकट घाण येते, सकाळी पापण्या चिकटतात, खडा गेल्यासारखं टोचतं आणि एका डोळ्याचं दुसऱ्या डोळ्याला, मग घरातल्या दुसऱ्या माणसाला होतं. पुढच्या भागाच्या युव्हायटिसमध्ये घाण येत नाही. डोळा आतून ठणकतो. उजेड अजिबात सोसत नाही, माणूस रुमाल धरूनच आत येतो. लाली काळ्या भागाच्या कडेनं गोल जास्त असते. बहुतेक वेळा एकच डोळा धरलेला असतो आणि दिसणं थोडं धूसर होतं.

एक खूण आम्ही तपासताना बघतो: चांगल्या डोळ्यावर बॅटरी मारली आणि झाकलेला लाल डोळा कळवळला, तर सूज आत आहे असा संशय घ्यायचा. उजेडानं दोन्ही बाहुल्या एकदम आकसतात आणि सुजलेला पडदा ओढला गेला की दुखतो.

तरीही घरी खात्री करत बसू नका. आपल्या भागात लाल डोळ्याची कारणं बरीच आहेत. शिरोली एमआयडीसीत ग्राइंडिंगचा कण उडतो, वेल्डिंगची झळ बसते, ऊस तोडताना पाला डोळ्यात जातो. पाल्यानं कॉर्नियाला जखम होऊन तिथं बुरशी वाढली तर तो वेगळा आणि फार वाईट आजार असतो. डोळा दुखतोय, उजेड सोसत नाही आणि दिसायला कमी झालंय, या तिन्हींपैकी एकही गोष्ट असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

पण कंबरेचा आणि डोळ्याचा संबंध काय?

याचं उत्तर मी माझ्याच चुकीतून देते. सुरुवातीच्या वर्षांत तालमीत जाणारा एक तरुण मुलगा माझ्याकडे आला. उजवा डोळा लाल, उजेड सोसेना. थेंब दिले, डोळा शांत झाला. सात-आठ महिन्यांनी डावा डोळा. पुन्हा थेंब, पुन्हा शांत. तिसऱ्या वेळी तपासणी झाली आणि तो उठताना दोन्ही हात टेबलावर टेकून, कंबर सरळ करत करत उभा राहिला. पंचविशीतला पैलवान गडी, आजोबांसारखा उठत होता. विचारलं तर म्हणाला, "कुस्ती करतो न्हवं मॅडम, कंबर धरतीच." मग नीट विचारत गेले. सकाळी तासभर कंबर लाकडासारखी ताठ. पहाटे दुखण्यानं जाग येते. आखाड्यात उतरून अंग गरम झालं की बरं वाटतं, सुट्टीच्या दिवशी झोपून राहिलं की जास्त दुखतं.

कुस्तीनं लचकलेली कंबर याच्या उलट वागते: विश्रांतीनं बरी होते, मेहनतीनं वाढते. त्याची कंबर सुजेनं दुखत होती. एमआरआयमध्ये कण्याच्या तळाचं हाड आणि कमरेचं हाड जिथं जुळतात त्या सांध्यात सूज दिसली. आजाराचं नाव अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचे सांधे सुजवून ताठ करणारा आजार. पहिल्याच भेटीत मी कंबरेचं विचारलं असतं तर त्याची दोन वर्षं वाचली असती. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते.

हा आजार असलेल्या साधारण चौघांत एकाला आयुष्यात कधी ना कधी युव्हायटिस होतो. उलट बाजूनंही बघा. आयर्लंडमध्ये डब्लिनला झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. अचानक पुढच्या भागाचा युव्हायटिस घेऊन आलेल्या आणि दुसरं कारण न सापडलेल्या पेशंटची सांधेतज्ज्ञांकडून तपासणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के लोकांना अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसच्या गटातला मणक्याचा-सांध्यांचा आजार निघाला. तोवर त्याचं निदानच झालेलं नव्हतं. म्हणजे डोळा कंबरेच्या आधी बोलतो, ऐकणारा हवा.

म्हणून तुम्ही चाळिशीच्या आतले असाल, कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल आणि सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठ राहत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलं. म्हणजे मला आजार आहे का?

नाही. तो एक जनुकीय गुण आहे, रक्तगटासारखा जन्मापासून असतो. त्याचा मणक्याच्या या आजाराशी संबंध १९७३ साली लक्षात आला. ज्यांच्यात तो असतो त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. डोळ्याची सूज आणि कंबरेची लक्षणं आधीच असतील तर हा रिपोर्ट निदानाला आधार देतो. काहीच त्रास नसलेल्या भावाबहिणीची तपासणी करून घरात काळजी वाढवू नका. त्यांना लक्षणं सांगून ठेवा, एवढं पुरे.

शरीर स्वतःच्याच डोळ्यावर का उलटतं?

जुन्या कोल्हापूरला तटबंदी होती आणि आत यायला वेशी होत्या. गंगावेशीचं नाव त्यातूनच राहिलं. डोळ्यालाही अशी वेस आहे. रक्तातल्या सैनिक पेशी डोळ्यात सहज शिरू नयेत म्हणून रक्तवाहिन्यांची भिंत तिथं जास्त घट्ट असते. डोळा इतका नाजूक की आत साधी लढाई झाली तरी नजरेचं नुकसान. त्यामुळे डोळ्याच्या आतली काही प्रथिनं आपल्या प्रतिकारशक्तीच्या फारशी ओळखीची नसतात. आतड्यातल्या किंवा बाहेरच्या एखाद्या जंतूशी लढायला तयार झालेल्या पेशी कधी कधी डोळ्यातल्या सारख्या दिसणाऱ्या प्रथिनावर चालून जातात, वेस फुटते आणि सूज सुरू होते. काही माणसांचा जनुकीय कल याला पोषक असतो.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे सिंपथेटिक ऑफ्थॅल्मिया. एका डोळ्याला खोल जखम होते, आतला युव्हिया उघडा पडतो, प्रतिकारशक्तीला ती प्रथिनं शत्रू वाटतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरा, कधीही न दुखावलेला डोळाही सुजतो. फ्रान्समध्ये १८०९ साली जन्मलेले लुई ब्रेल तीन वर्षांचे असताना वडिलांच्या खोगिरं बनवण्याच्या दुकानात खेळत होते. चामडं टोचायची आरी डोळ्यात घुसली आणि पाचव्या वर्षापर्यंत दुसऱ्या डोळ्याचीही नजर गेली. त्यांना हाच आजार झाला असावा, असं अनेक नेत्रतज्ज्ञ मानतात. आपल्याकडे सुभाषनगरात, जवाहरनगरात चपला शिवणाऱ्या घरांत तीच आरी रोज हातात असते आणि पोरं शेजारीच खेळत असतात. हे लिहिताना मला दर वेळी ती घरं आठवतात. आरी वापरून झाली की उंचावर ठेवा. डोळ्याला टोचलं तर डोळा चोळू नका, धुऊ नका, वरून वाटीसारखं काहीतरी धरून झाका आणि लगेच निघा. हा आजार विरळ आहे आणि आज त्यावर औषधं आहेत.

कंबरेखेरीज आणखी कोणते आजार डोळ्यात दिसतात?

आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात हाताच्या बोटांचे सांधे दोन्हीकडे सुजतात. डोळ्यात दोन गोष्टी होतात. एक, कोरडेपणा. दुसरी, पांढऱ्या कवचाची सूज, म्हणजे स्क्लेरायटिस. स्क्लेरायटिसचं दुखणं ज्यानं सोसलं त्याला विसरता येत नाही. डोळ्यात गिरमिट फिरवल्यासारखं, कपाळ-जबड्यापर्यंत जाणारं, रात्री झोपेतून उठवणारं. साधे थेंब त्याला पुरत नाहीत. जुना आमवात असलेल्या माणसाला असं दुखलं तर डोळ्याइतकंच सगळ्या शरीराकडे बघावं लागतं, कारण रक्तवाहिन्यांची सूज इतरत्रही असू शकते.

नुसता कोरडेपणा असेल तर शोग्रेन सिंड्रोम आठवायचा. शोग्रेन हे स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ, त्यांनी १९३३ साली यावर प्रबंध लिहिला. अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवरच प्रतिकारशक्ती हल्ला करते. चाळिशी-पन्नाशीतल्या बायका सांगतात, "डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं." मी विचारते, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरतो का? "नाही हो, प्रत्येक घासाला पाणी लागतं." हे दोन्ही एकत्र असेल तर तपासणी करायलाच हवी. पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवतो. ती पाच मिलीमीटरसुद्धा भिजली नाही तर अश्रू फारच कमी आहेत.

व्हीकेएच, म्हणजे व्होग्ट, कोयानागी आणि हाराडा या तीन डॉक्टरांच्या नावाचा आजार. गोऱ्या लोकांपेक्षा आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांत तो जास्त दिसतो. रंगद्रव्याच्या पेशींवर हल्ला होतो. आधी डोकं दुखतं, कानात आवाज येतो, केस विंचरताना टाळूला हात लावला तरी दुखतं. मग काही दिवसांत दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसायला लागतं, पडद्याखाली पाणी साठतं. पुढे पापणीचे केस पांढरे होतात, अंगावर कोडाचे डाग येतात. सुरुवातीलाच स्टेरॉइडचा पुरेसा डोस मिळाला तर नजर बहुतेकदा चांगली परत येते. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून चष्म्याच्या दुकानातच फेऱ्या मारल्या तर हातचा वेळ जातो.

बेहशेटचा आजार आपल्याकडे कमी, पण तोंडात वारंवार फोड येणं, गुप्तांगावर जखमा आणि डोळ्याची सूज हे त्रिकूट लक्षात ठेवा. हुलुसी बेहशेट या तुर्की त्वचारोगतज्ज्ञांनी १९३७ साली त्याचं वर्णन केलं. पेशंट गुप्तांगाच्या जखमेचं डोळ्याच्या डॉक्टरला सांगायला लाजतात, ते समजू शकते. तरी सांगा.

याशिवाय सोरायसिस, आतड्याचे आजार (वारंवार रक्त-आव पडणं), सार्कॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होतात), लुपस (त्वचा, सांधे, किडनीवर प्रतिकारशक्ती उलटते) या सगळ्यांच्या खुणा डोळ्यात येऊ शकतात. थायरॉइडच्या ग्रेव्हज आजारात डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. तिथं सूज डोळ्याच्या मागच्या स्नायूंना असते आणि विडी-सिगारेटनं ती नक्की वाढते.

मुलीचा गुडघा सुजलाय, डोळा अगदी स्वच्छ आहे. तरी डोळे का तपासायचे?

कृपया हे उत्तर शेवटपर्यंत वाचा. मुलांच्या संधिवातात, म्हणजे ज्युव्हेनाइल आर्थ्रायटिसमध्ये, साधारण दहा ते वीस टक्के मुलांना युव्हायटिस होतो. त्यात डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. आतमध्ये मात्र कवडशातली धूळ भरलेली असते. बाहुली चिकटते, मोतीबिंदू होतो, काचबिंदू होतो, कॉर्नियावर पांढरा पट्टा येतो. आई-वडिलांना कळतं ते मूल टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसायला लागतं तेव्हा किंवा शाळेतून बाई निरोप पाठवतात तेव्हा.

लहान वयात, सहा-सात वर्षांच्या आत, एक-दोन सांधे सुजलेली मुलगी आणि रक्तात एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह, अशा मुलीला धोका सगळ्यात जास्त. तिचे डोळे दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर तपासायचे, काही त्रास नसला तरी. सांधेदुखी सुरू झाल्यापासून पहिली चार वर्षं विशेष जपायचं. गुडघा बरा झाला म्हणून डोळ्याची तपासणी बंद करू नका, दोघांचं वेळापत्रक वेगळं असतं.

आमच्याकडे गावाकडून, राधानगरी-गगनबावड्याच्या बाजूनं एसटीनं येणाऱ्या पालकांचा अख्खा दिवस यात जातो, रोजगार बुडतो. "काही निघालं नाही" ऐकून परत जाताना त्यांना फेरी वाया गेल्यासारखं वाटतं. ती वाया गेलेली नसते. काही निघालं नाही, हेच ऐकायला आपण दर तीन महिन्यांनी येत असतो.

प्रत्येक युव्हायटिस ऑटोइम्यूनच असतो का?

नाही, आणि हे आधी ठरवल्याशिवाय मोठी औषधं सुरू करता येत नाहीत. आपल्या देशात टीबी पहिल्यांदा तपासावा लागतो. फुप्फुसात काही नसतानाही डोळ्यात टीबीमुळे सूज येऊ शकते. नागीण कपाळावर उठली आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्याला धोका असतो. टोक्सोप्लाझ्मा (एक परजीवी जंतू), सिफिलिस (एक गुप्तरोग) हेही तपासावे लागतात.

कोल्हापूरकरांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं: लेप्टोस्पायरोसिस. पुराच्या पाण्यातून, उंदरांच्या लघवीनं दूषित चिखलातून तो येतो. १९९३ साली मदुराई परिसरात मोठ्या पुरानंतर याची साथ आली आणि त्यानंतर युव्हायटिसचे पेशंट मोठ्या संख्येनं दिसले. ताप येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी डोळा सुजतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपण सगळे त्या पाण्यात उभे होतो. पुरानंतर ताप आला होता का, भातलावणीला चिखलात होता का, हे डॉक्टरांना जरूर सांगा.

कोणत्या तपासण्या कराव्या लागतात?

सगळ्यांना सगळ्या नाहीत. लक्षणं ऐकून निवडायच्या असतात. साधारणपणे रक्ताची मोजणी, ईएसआर-सीआरपी (शरीरात सूज किती आहे ते), साखर, छातीचा एक्स-रे, टीबीसाठी मांटू किंवा रक्ताची तपासणी, सिफिलिसची तपासणी. कंबर दुखत असेल तर एचएलए-बी२७ आणि एमआरआय. पडद्याला सूज आहे का बघायला ओसीटी स्कॅन, त्यात दुखत नाही, पाच मिनिटांत होतो. वीस तपासण्यांची यादी हातात पडली तर कुठली कशासाठी, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

बरंच शोधूनही अनेकांत कारण सापडत नाही. तरीही सुजेवर उपचार करता येतात.

थेंब कसे वापरायचे?

पुढच्या भागाच्या युव्हायटिसमध्ये दोन बाटल्या मिळतात. एक स्टेरॉइडची, बहुतेकदा प्रेडनिसोलोन ॲसिटेट. सुरुवातीला जागेपणी दर तासाला, मग आठवड्या-आठवड्यानं कमी करत. बाटली आधी चांगली हलवा, कारण औषध तळाशी बसतं. न हलवता टाकलं तर डोळ्यात नुसतं पाणी जातं. "थेंब टाकूनही गुण नाही" म्हणणाऱ्यांपैकी काहींचं दुखणं फक्त बाटली हलवल्यानं कमी झालेलं मी पाहिलंय. दुसरी बाटली बाहुली मोठी करणारी, ॲट्रोपिन किंवा होमॅट्रोपिन. त्यानं दुखणं थांबतं आणि सुजलेला पडदा मागच्या भिंगाला चिकटत नाही. जवळचं धूसर दिसेल, उन्हात डोळे दिपतील. घाबरून ती बंद करू नका. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

डोळा पांढरा झाला की थेंब बंद करायचा मोह होतो. एकदम बंद केले तर सूज उसळून येते. सांगितलेल्या हिशेबानंच उतरायचं.

मागच्या वेळचीच बाटली मेडिकलमधून आणली तर?

आणू नका. हे मी हात जोडून सांगते. तुमचा लाल डोळा या वेळी युव्हायटिसचाच असेल असं नाही. उसाच्या पाल्याच्या जखमेवर किंवा हर्पिस विषाणूच्या व्रणावर स्टेरॉइड पडलं तर चार दिवस बरं वाटतं, लाली जाते आणि आत कॉर्निया विरघळत जातो. दुसरा धोका मुका आहे. काही माणसांच्या डोळ्याचा दाब या थेंबांनी वाढतो, त्यातून काचबिंदू होतो आणि गेलेली नजर परत येत नाही. डोळा खाजतो म्हणून वर्षभर हेच थेंब घालणारी कॉलेजची मुलं माझ्याकडे काचबिंदू घेऊन आलेली आहेत. दाब मोजल्याशिवाय हे थेंब चालू ठेवायचे नसतात.

मध, गुलाबपाणी, आईचं दूध, कसलाही पाल्याचा रस डोळ्यात घालू नका.

"ही तर कॅन्सरची गोळी आहे" असं मेडिकलवाल्यानं सांगितलं. मेथोट्रेक्सेट घेऊ का?

कॅन्सरला ती फार मोठ्या डोसमध्ये देतात. इथं डोस लहान असतो आणि काम प्रतिकारशक्तीला आवर घालायचं असतं. सूज पुन्हा पुन्हा येत असेल, मागच्या भागात असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या कमी करता येत नसतील तेव्हा ती देतात. स्टेरॉइडवर वर्षानुवर्षं राहणं जास्त महागात पडतं: साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'फास्ट' नावाच्या औषध-चाचणीत युव्हायटिसचे २१६ पेशंट होते, त्यातले बरेच भारतातले. मेथोट्रेक्सेट आणि त्याच कामाचं महागडं मायकोफेनोलेट यांची तुलना केली, तेव्हा महागडं औषध सरस ठरलं नाही. आपल्या खिशाला हे कळणं महत्त्वाचं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तपेशी कोसळतात, जीव जाऊ शकतो. एक वार ठरवा आणि कॅलेंडरवर दर आठवड्याला त्या वारावर खूण करा. घरात औषधं देणारं माणूस वेगळं असेल तर त्यालाही सांगा. फॉलिक ॲसिडची गोळी सांगितलेल्या दिवशी घ्या, रक्ताची आणि लिव्हरची तपासणी चुकवू नका, दारू बंद. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गर्भारपणात ही गोळी चालत नाही.

इंजेक्शन घ्यायला सांगितलंय. खरंच लागतं का?

बहुधा अडॅलिम्युमॅबबद्दल विचारताय. दर दोन आठवड्यांनी पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन. गोळ्यांनी सूज आवरत नसेल तेव्हा ते खरंच नजर वाचवतं. ब्रिटनमधली मुलांवरची सिकॅमोर चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. ९० मुलं होती आणि फायदा इतका उघड दिसला की नवीन मुलं घेणं मध्येच थांबवलं. त्याची देशी आवृत्ती अहमदाबादच्या कंपनीनं २०१४ साली आणली, त्यामुळे किंमत उतरली, तरी आपल्या माणसांना ती जड जातेच. सुरू करण्याआधी दबलेला टीबी आहे का हे तपासलंच पाहिजे, कारण या औषधानं तो उसळू शकतो. ताप, खोकला, वजन उतरणं यातलं काही झालं तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी कळवा.

संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू आहे. डोळे जातात म्हणे?

योग्य डोसमध्ये आणि तपासणीखाली तसं क्वचितच होतं. रोजचा डोस वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पहिल्या वर्षात एकदा पडदा तपासून घ्या आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. किडनीचा त्रास असेल तर आधीपासूनच. भीतीनं गोळी सोडू नका.

पथ्य काय? तांबडा रस्सा बंद का?

बंद नाही. वांगं, आंबट, रस्सा यानं युव्हायटिस वाढतो असा पुरावा नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मीठ आणि साखर कमी करा. तंबाखू आणि सिगारेट मात्र सोडा. सूज वाढवणाऱ्या गोष्टींपैकी तेवढी एकच पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

बरा झाल्यावर पुन्हा होतो का?

बऱ्याच जणांना होतो, कधी त्याच डोळ्याला तर कधी दुसऱ्या. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. ४३ ची वाट बघत कोणी घरात बसत नाही. डोळ्याची इशारा पातळी म्हणजे उजेड टोचायला लागणं आणि डोळ्यामागे हलकी ठणक. अनेक जुने पेशंट डोळा लाल होण्याच्या आदल्या दिवशीच सांगतात, "मॅडम, येणार बघा." त्यांचं खरं ठरतं. तेव्हाच या. पहिल्या दिवशी सुरू केलेले थेंब लवकर काम करतात आणि बाहुली चिकटत नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी करायचं?

डोळा निदान तीन महिने पूर्ण शांत असल्याशिवाय नाही. मोफत शिबिरात नंबर लागला तरी युव्हायटिस होता हे आधी सांगा.

गरोदरपणात काय होतं?

बऱ्याच जणींचा युव्हायटिस त्या महिन्यांत शांत राहतो आणि बाळंतपणानंतर उसळतो. माहेरी जाताना फाईल बरोबर न्या.

कोल्हापुरात कुठं दाखवायचं?

सुरुवात जवळच्या कोणत्याही नेत्रतज्ज्ञांकडे करा, स्लिट लॅम्प सगळ्यांकडे असतो. सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, नेत्र विभाग आणि मेडिसिन विभाग एकाच आवारात आहेत, ही या आजारात मोठी सोय आहे. सरकारी योजनेत काय बसतं, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. सांध्यांसाठी रूमॅटॉलॉजिस्ट लागतो, साध्या हाडांच्या डॉक्टरांवर थांबू नका. गुंतागुंत वाढली तर मिरज किंवा पुण्याला पाठवावं लागतं. दोन डॉक्टरांची चिठ्ठी एकमेकांपर्यंत पोचते का, याकडे लक्ष ठेवा. माझा अनुभव सांगते, उपचार फसतात ते बहुतेक तिथंच.

पहिल्या भेटीला येताना काय आणू?

जुने सगळे कागद, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, नावं पाठ असली तरी. आतापर्यंत डोळ्यात घातलेल्या थेंबांच्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, आणि त्या कोणी दिल्या हे खरं सांगा. कोणी रागावणार नाही. डोळा पहिल्यांदा कधी लाल झाला, कितीदा झाला, कुठल्या बाजूचा, हे कागदावर लिहून आणा. बाहुली मोठी करून तपासावं लागेल, मग चार-पाच तास नीट दिसत नाही, म्हणून गाडी चालवत एकटे येऊ नका. बरोबर घरातलं कोणीतरी आणा. सकाळी तुम्ही अंथरुणातून कसे उठता, हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त नीट सांगता येतं.